एका अणूचा थर आणि टेराहर्ट्झ : सोलापुरातून निघण्याआधीची तयारी

एमएस्सीच्या प्रोजेक्टला ग्राफीन (कार्बनचा एका अणूच्या जाडीचा थर) किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइड (असाच अतिपातळ थर देणारा अर्धवाहक) घेतलेली मुलं भेटायला येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, टेराहर्ट्झचा स्लॉट कधी मिळेल?" मी उलट विचारते, "कोरा तुकडा कुठे आहे?" थर बसवलेला तुकडा प्रत्येकाकडे असतो. त्याच चकतीतला (वेफरमधला), त्याच जाडीचा, पण थर न बसवलेला तुकडा क्वचितच कुणाकडे असतो. आणि इतक्या पातळ पदार्थाचं टेराहर्ट्झ लहरींनी केलेलं मोजमाप त्या कोऱ्या तुकड्यावरच उभं असतं.

आपल्याला मोजायला जायचं म्हणजे परगावची प्रयोगशाळा, दोन दिवसांचा वेळ आणि परतीचं तिकीट. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारख्या (टीआयएफआर) ठिकाणी या विषयावर काम चालतं, पण तिथे पोचल्यावर सँपल बदलता येत नाही. जे नेलं तेच मोजायचं. म्हणून या लेखाचा मोठा भाग निघण्याआधी काय करायचं याबद्दल आहे.

आधी हे आकडे डोक्यात बसवा

मायक्रोवेव्ह आणि इन्फ्रारेड यांच्या मधला, साधारण ०.१ ते १० टेराहर्ट्झचा पट्टा आपला. १ टेराहर्ट्झला तरंगलांबी ०.३ मिमी, एक आवर्तन १ पिकोसेकंदाचं आणि फोटॉनची ऊर्जा ४.१ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट. खोलीच्या तापमानाला उष्णतेचीच ऊर्जा २५ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असते, म्हणजे फोटॉनच्या सहापट. इतका अशक्त फोटॉन इलेक्ट्रॉनला बँडगॅप (बांधलेल्या आणि मोकळ्या अवस्थांमधली ऊर्जेची दरी) ओलांडून वर उचलू शकत नाही. जे इलेक्ट्रॉन आधीच मोकळे आहेत त्यांना तो फक्त हलवतो. त्यामुळे टेराहर्ट्झने कळतं ते एवढंच : मोकळे वाहक किती आहेत आणि ते किती वेळाने धडकतात. तेही वायर न जोडता, थराला हात न लावता. 'प्रकाशीय गुणधर्म' हा शब्द ऐकून मुलं रंगाचा विचार करतात. इथे प्रकाश म्हणजे अतिशय वेगाने दिशा बदलणारं विद्युत क्षेत्र आहे आणि गुणधर्म म्हणजे थराची वाहकता.

या वाहकतेचं सर्वांत साधं चित्र पॉल ड्रुड यांनी १९०० साली मांडलं. इलेक्ट्रॉन धावतो, ठरावीक सरासरी वेळाने धडकतो, पुन्हा धावतो. तांब्याच्या पत्र्यावर वाढवलेल्या ग्राफीनमध्ये हा वेळ काही दहा फेम्टोसेकंद असतो (१००० फेम्टोसेकंद म्हणजे १ पिकोसेकंद). ५० फेम्टोसेकंद धरला, तर १ टेराहर्ट्झला वाहकतेचा वास्तव भाग (क्षेत्राच्या तालावर चालणारी धारा) शून्य वारंवारतेच्या ९१ टक्के उरतो आणि काल्पनिक भाग (तालाच्या मागे रेंगाळणारी धारा) २९ टक्क्यांच्या आसपास येतो. हा काल्पनिक भाग लक्षात ठेवा, पुढे सगळा घोळ तिथेच होतो.

पदार्थ कोणता घ्यायचा? पहिल्यांदाच करत असाल तर ग्राफीन घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. (गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी मँचेस्टरमध्ये चिकटपट्टीने ग्राफीन वेगळं केल्याचं २००४ साली जगाला कळलं. आपलं सोलापूरचं विद्यापीठही त्याच वर्षी स्थापन झालं. वर्गात हे सांगितलं की मुलांना साल विसरता येत नाही.) मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एकच थर घेतला तर बँडगॅप १.८ ते १.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट असतो, मोकळे वाहक फार थोडे. ते किती दिसेल याचं गणित खाली येतंच.

आकार : चिकटपट्टीचा तुकडा चालत नाही

तरंगलांबीच ०.३ मिमी आहे म्हटल्यावर किरण त्याहून बारीक होत नाही. आरशांनी गोळा केला तरी ठिपका मिलिमीटरभराचा राहतो, कमी वारंवारतेला आणखी मोठा. चिकटपट्टीने काढलेला ग्राफीनचा तुकडा दहा-वीस मायक्रोमीटरचा. रामन यंत्राखाली (लेझरने थर ओळखणारं यंत्र) तो सुंदर दिसतो, इथे मात्र किरणाचा जवळजवळ सगळा भाग त्याच्या बाजूनेच निघून जातो. म्हणून सीव्हीडीने (वायूतून तांब्याच्या पत्र्यावर थर वाढवण्याची पद्धत) वाढवलेला, निदान १० मिमी बाय १० मिमीचा सलग थर हवा.

सबस्ट्रेट

सबस्ट्रेट म्हणजे थर ज्यावर बसवायचा तो आधार. रामनसाठी सगळीकडे वापरली जाते ती ३०० नॅनोमीटर ऑक्साइडची सिलिकॉन चकती इथे नेऊ नका. ती बहुधा भरपूर डोप केलेली (वाहक वाढवण्यासाठी भेसळ मिसळलेली) असते आणि टेराहर्ट्झ तिच्यातून पारच होत नाही. मायक्रोस्कोपची साधी काचपट्टीही नको, ती बराचसा किरण शोषून घेते. चालतं ते दोनांपैकी एक : फ्लोट-झोन पद्धतीचं, १० किलो-ओम सेंटिमीटरच्या वरच्या रोधकतेचं सिलिकॉन, ज्याचा अपवर्तनांक ३.४२ आहे; किंवा स्फटिक क्वार्ट्झ, ज्याचा २.१ च्या आसपास आहे. मागवताना दोन्ही बाजू पॉलिश केलेल्या हव्यात हे लेखी कळवा.

जाडीचाही विचार करा. किरण चकतीच्या आत मागच्या पृष्ठभागावरून परततो, पुन्हा पुढे येतो आणि मुख्य पल्सच्या (टेराहर्ट्झच्या क्षणिक झोताच्या) मागून त्याचा प्रतिध्वनी दिसतो. ०.५ मिमी सिलिकॉनला तो ११.४ पिकोसेकंदांनी येतो. त्याच्या आधी मोजमाप थांबवलं तर वारंवारतेतला बारकावा ०.०९ टेराहर्ट्झच्या आसपास मिळतो. ग्राफीनचा आलेख गुळगुळीत असतो, त्यात बारीक रेषा नसतात, त्यामुळे एवढं पुरतं. उगाच महागडी जाड चकती घेण्याची गरज नाही.

थर उतरवताना

तांब्याच्या पत्र्यावरच्या ग्राफीनवर पीएमएमएचा (एक पारदर्शक प्लास्टिक) पातळ लेप द्यायचा, तांबं अमोनियम परसल्फेटमध्ये विरघळवायचं, उरलेला पापुद्रा पाण्यावर तरंगवत धुवायचा आणि सबस्ट्रेटने उचलायचा. वाचायला सोपं आहे. पण सगळा वेळ ठेवायचा तो शेवटच्या क्षणासाठी.

तांबं पूर्ण गेलं की बशीत आधी काहीच दिसत नाही. दिवा तिरका धरला की पापुद्र्याची कड चमकते. त्याला चिमट्याने हात लावायचा नाही. स्वच्छ काचपट्टीने तो खालून अलगद उचलून दुसऱ्या बशीतल्या डीआयोनाइज्ड पाण्यात सोडायचा, मग तिसऱ्या बशीत. नळाचं उजनीचं पाणी इथे कुठेच नको, वाळल्यावर क्षारांचे डाग थराखाली अडकतात. शेवटी सिलिकॉनचा तुकडा चिमट्यात धरून पाण्यात तिरका बुडवायचा, पापुद्र्याची एक कड त्याला टेकू द्यायची आणि श्वास रोखल्यासारखं सावकाश वर ओढायचं. पाण्याची पातळी उतरते तसा पापुद्रा बसत जातो. वर आल्यावर तुकडा कागदावर उभा टेकवून ठेवायचा, म्हणजे खालचं पाणी कडेने निथळतं. लगेच हॉट प्लेटवर ठेवलंत तर अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि थर मधोमध फुटतो. आधी तासभर निथळू द्या, मग हळूहळू तापमान वाढवा आणि सगळ्यात शेवटी अॅसिटोनने पीएमएमए काढा.

आता कोरा तुकडा. तुमचा सिलिकॉनचा तुकडा १० मिमी बाय २० मिमीचा कापा आणि थर फक्त अर्ध्यावर बसवा. उरलेला अर्धा तसाच राहू द्या. मात्र पाणी, अॅसिटोन, हॉट प्लेट हे सगळं पूर्ण तुकड्यावर व्हायला हवं, म्हणजे दोन्ही अर्धांत फरक फक्त ग्राफीनचा राहील. हे इतकं का सांगते, ते आता.

दोन मायक्रोमीटरची किंमत

माझ्या पहिल्या खेपेला मी एकाच पाकिटातल्या दोन वेगळ्या चकत्या घेऊन गेले होते. एकीवर ग्राफीन, दुसरी कोरी. घरी येऊन हिशेब केला तर वाहकतेचा काल्पनिक भाग ऋण आला. मला फार आनंद झाला, कारण साध्या ड्रुडमध्ये तो ऋण येत नाही. वाहक ग्राफीनच्या स्फटिकदाण्यांच्या सीमांवर आपटून मागे फिरत असतील तर येतो आणि त्यासाठी नेव्हिल स्मिथ यांनी २००१ साली सुचवलेलं सुधारित सूत्र आहे. ते सूत्र लावलं, आलेख छान जुळला, दोन आठवडे त्यावर लिहिलं. मग सहकाऱ्याने सहज विचारलं, "चकत्यांची जाडी सारखी होती ना?" मी म्हटलं, "हो, स्क्रू गेजने बघितली." स्क्रू गेजचं लघुत्तम माप ०.०१ मिमी, म्हणजे १० मायक्रोमीटर.

प्रतिध्वनीच्या वेळेवरून दोन्ही जाड्या काढल्या. ग्राफीनची चकती कोरीपेक्षा २ मायक्रोमीटरने जाड निघाली. आता गणित बघा. २ मायक्रोमीटर जास्तीच्या सिलिकॉनमधून जाताना पल्सला १६ फेम्टोसेकंद उशीर होतो. १ टेराहर्ट्झला हा ५.८ अंशांचा फेज (लहरीचं पुढे-मागे सरकणं) झाला. आणि ५० फेम्टोसेकंदांच्या धडक-वेळेचं, १ मिलिसीमेन्स वाहकतेचं ग्राफीन स्वतःहून फेज बदलतं तो किती? १.३ अंश, तोही उलट दिशेला. म्हणजे माझ्या आलेखात ग्राफीनचं बोलणं चौपट मोठ्या आवाजाखाली दबून गेलं होतं. मी ज्याला दाण्यांच्या सीमा म्हणत होते, ती चकतीची जास्तीची जाडी होती.

ओळखायची खूण अशी : जाडीच्या फरकाने आलेला फेज वारंवारतेबरोबर सरळ रेषेत वाढत जातो. फेजचा फरक ही सरळ रेषा दिसली की आधी जाडीवर संशय घ्या. एकाच तुकड्याचे दोन अर्धे वापरले तरी पॉलिश तिरकं असू शकतं, म्हणून प्रतिध्वनीपर्यंतचं एक लांब मोजमाप दोन्ही अर्धांवर घ्याच आणि त्यावरून जाडी तपासा. तोवर काल्पनिक भागावर कोणताही निष्कर्ष काढू नका. फक्त आयामावरून (लहरीच्या उंचीवरून) येणारा वास्तव भाग त्यामानाने भरवशाचा असतो.

सोलापुरातच करून घ्यायच्या तपासण्या

मायक्रोस्कोपखाली पूर्ण थराचे फोटो काढा. फाटलेल्या, दुमडलेल्या जागा वहीत नोंदवा. रामन मिळालं तर तीन-चार ठिकाणी घ्या : ग्राफीनची 'जी' (G) नावाची रेषा १५८० च्या आसपास आणि 'टू-डी' (2D) रेषा २७०० च्या आसपास, प्रति सेंटिमीटरमध्ये. टू-डी उंच आणि एकेरी असेल तर एकच थर.

माझी सगळ्यात आवडती तपासणी मात्र यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटरवरची, कारण तो बहुतेक कॉलेजांत असतो आणि टेराहर्ट्झचं सूत्र तिथे हाताने पडताळता येतं. ग्राफीनचा एक जादा तुकडा क्वार्ट्झवर उतरवा. पातळ वाहक थर सबस्ट्रेटवर असताना पार होणाऱ्या क्षेत्राचं, थर नसलेल्या सबस्ट्रेटशी गुणोत्तर असं येतं :

गुणोत्तर = (१ + अपवर्तनांक) ÷ (१ + अपवर्तनांक + ३७७ × शीट वाहकता)

इथे ३७७ ओम ही निर्वात पोकळीची इम्पिडन्स (लहरीला होणारा रोध) आणि शीट वाहकता म्हणजे पूर्ण जाडीसकट थराची वाहकता. याला टिंकम यांचं सूत्र म्हणतात. दृश्य प्रकाशात ग्राफीनची शीट वाहकता ०.०६०८ मिलिसीमेन्स असते, ती फक्त इलेक्ट्रॉनचा भार आणि प्लांक स्थिरांक यांवरून ठरते. सूत्रात घाला. हवेत लटकणाऱ्या थरासाठी दोन्हीकडे हवाच, म्हणून अपवर्तनांक १. गुणोत्तराचा वर्ग ०.९७७ येतो, म्हणजे ग्राफीनची ती प्रसिद्ध २.३ टक्के घट. आता क्वार्ट्झसाठी दृश्य प्रकाशातला अपवर्तनांक धरा, १.४६ काचेसारख्या वितळलेल्या क्वार्ट्झचा. घट १.८ टक्क्यांच्या आसपास येते. मशीनवर तेवढीच दिसली की दोन गोष्टी एकदम कळतात : थर एकेरी आहे आणि सूत्र तुम्हाला समजलंय. घट तीन-साडेतीन टक्के आली तर पीएमएमए राहिलं आहे किंवा थर दोन आहेत.

आता तेच सूत्र टेराहर्ट्झला. चार टोकांच्या मोजणीत (थरावर चार टोकं टेकवून विद्युतरोध मोजतात ती) शीट रोध १००० ओम आला असेल तर वाहकता १ मिलिसीमेन्स. सिलिकॉनवर गुणोत्तर ०.९२, क्वार्ट्झवर ०.८९. म्हणजे पल्सची उंची ८ ते ११ टक्के कमी दिसायला हवी. हा आकडा निघण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मॉलिब्डेनम डायसल्फाइडची वाहकता हजारपट कमी धरली तर सिलिकॉनवर फरक दहा हजारांत एक भागापेक्षाही कमी पडतो. लेझरच एका तासात टक्काभर हलतो, तिथे हा फरक शोधायला जाणं म्हणजे भाड्याचे पैसे वाया.

नेताना

जेल-बॉक्समध्ये, थर वर, सिलिका जेलची पुडी सोबत. डबा हातातल्या पिशवीत ठेवा, डोक्यावरच्या रॅकवर नको. तुकड्याच्या मागच्या बाजूला डायमंड पेनने बाण कोरा, म्हणजे थराची बाजू आणि कोरा अर्धा कुठला, हे दुसऱ्या दिवशी थकलेल्या डोळ्यांनाही कळतं.

मोजणीच्या दिवशी

यंत्र थोडक्यात असं. फेम्टोसेकंद लेझरचा पल्स दोन वाटांनी जातो. एक वाट टेराहर्ट्झ पल्स तयार करते, दुसरी तो पल्स कोणत्या क्षणी किती उंच आहे हे वाचते. दुसऱ्या वाटेतला आरसा सरकवला की वाचण्याचा क्षण सरकतो : आरसा ०.१५ मिमी मागे, तर १ पिकोसेकंद उशीर. विद्युत क्षेत्रच वाचलं जात असल्याने आयाम आणि फेज दोन्ही एकदम मिळतात. हीच या पद्धतीची मोठी ताकद.

आर्द्रतेकडे लक्ष द्या. वाळलेल्या पंचाच्या कापडातून टेराहर्ट्झ निघून जातो, तोच पंचा ओला केला की अडतो. १ टेराहर्ट्झला पाण्याचा ०.१ मिमीचा थर सुमारे नव्वद टक्के शक्ती खाऊन टाकतो. हवेतली वाफही ०.५५७, ०.७५२, १.०९७, १.१६३ टेराहर्ट्झला टोकदार खड्डे पाडते. उन्हाळ्यातल्या सोलापूरच्या कोरड्या हवेची सवय झालेला माणूस पावसाळ्यात मुंबईला गेला की हे खड्डे पाहून दचकतो आणि ते सँपलचे समजतो. पेटी कोरड्या नायट्रोजनने भरू द्या, आर्द्रतामापकाचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. घाई इथे करू नका.

मग कोरा, ग्राफीन, कोरा, ग्राफीन असं आळीपाळीने किमान पाच वेळा मोजा. सगळे कोरे आधी आणि सगळे ग्राफीन नंतर असं कधीच नको, लेझरचं हलणं थेट उत्तरात शिरतं. पहिल्या दोन मोजण्यांनंतरच पल्सची उंची तुमच्या पहिल्या पानावरच्या आकड्याशी ताडून बघा. ०.९२ च्या जागी ०.९९ आलं तर किरण थरावर पडतच नाहीये किंवा थर उतरला आहे, आणि हे तिथेच कळणं महत्त्वाचं.

पुढेमागे लेझरने वाहक उठवून टेराहर्ट्झने वाचायचा प्रयोग कराल, आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइडसाठी तोच खरा प्रयोग आहे, तर सबस्ट्रेट सिलिकॉनचं घेऊ नका. ८०० किंवा ४०० नॅनोमीटरचा लेझर सिलिकॉनमध्येच ढीगभर वाहक उठवतो आणि तुम्ही दिवसभर सिलिकॉन मोजत बसता. तिथे क्वार्ट्झ किंवा सफायर.

परत आल्यावर

प्रतिध्वनीच्या आधी सिग्नल कापा, फूरिए रूपांतर करा (म्हणजे सिग्नल वारंवारतांमध्ये विभागला जातो), ग्राफीन भागिले कोरा, आणि टिंकमचं सूत्र उलटं सोडवून वाहकता काढा. सिग्नलच्या शेवटी शून्यं जोडली की आलेख गुळगुळीत दिसतो, पण बारकावा वाढत नाही. कोऱ्या तुकड्याचा स्पेक्ट्रम ज्या वारंवारतेला गोंगाटात बुडतो तिथे रेष मारा आणि तिच्या पलीकडचा एकही बिंदू छापू नका. पाच मोजण्यांवरून प्रत्येक बिंदूला त्रुटीचा दांडा द्या.

ड्रुडचा आलेख जुळवल्यावर दोन आकडे हातात येतात : शून्य वारंवारतेची वाहकता आणि धडक-वेळ. त्यांवरून फर्मी ऊर्जा (इलेक्ट्रॉनांनी भरलेली सर्वांत वरची पातळी) निघते. ५० फेम्टोसेकंद आणि १.१८ मिलिसीमेन्स आलं तर ती ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि मोबिलिटी (वाहक किती सहज सरकतात ते) २५०० चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद.

आता ही वाहकता चार टोकांच्या मोजणीशी ताडा. टेराहर्ट्झची जास्त आली तर घाबरू नका. यंत्रमागावर ताण्याचा एक धागा मध्येच तुटला तर तो या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढ नेऊ शकत नाही, पण तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना धागा तोच आणि तितकाच मजबूत असतो. चार टोकांच्या मोजणीत विद्युतधारेला सलग वाट लागते, प्रत्येक फाटलेली जागा तिला वळसा घालायला लावते. ग्राफीनमधला इलेक्ट्रॉन मात्र दोन धडकांच्या मध्ये ५० नॅनोमीटरच्या आसपास जातो. टेराहर्ट्झ त्याला तिथल्या तिथे हलवतं, मिलिमीटरभर लांबची चीर त्याला कळतही नाही. दोन आकड्यांत दुपटीचा फरक असेल, तर पहिल्या दिवशी मायक्रोस्कोपखाली काढलेले थराचे फोटो उघडा आणि चिरा मोजायला घ्या.